बेचाळिसाव्या वर्षी बाळ हवंय: काजूची बाग गहाण टाकण्याआधी

पत्र

डॉक्टरबाई, मी मालवण तालुक्यातल्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. वय ४२. वडील लवकर गेले, धाकट्या दोघांची शिक्षणं आणि लग्नं होईपर्यंत माझं राहून गेलं. ३८व्या वर्षी लग्न झालं. मिस्टर ४६ वर्षांचे, ठाण्याला कंपनीत आहेत. महिन्यातून एकदा, कधी दोनदा गावी येतात. गेल्या हिवाळ्यात मला दिवस राहिले. आंगणेवाडीच्या जत्रेला रांगेत चार तास उभी राहिले आणि पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफीत कळलं की ठोके नाहीत. नववा आठवडा चालू होता. क्युरेटिंग झालं. सगळ्यांनी वर्षभर थांब म्हणून सांगितलं. आता एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी, ०.६ आलंय. पाळी महिन्याच्या महिन्याला येते. कोल्हापूरच्या एका सेंटरने ताबडतोब आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा म्हणून पॅकेज सांगितलं. मिस्टर काजूची बाग गहाण टाकायला तयार आहेत. त्यांची तपासणी कोणी सांगितली नाही, त्यामुळे केलेली नाही. जावेने गावठी औषध आणून दिलंय. सासूबाई म्हणतात, ‘ह्या वयात कित्याक जीवाशी खेळतंस?’ माका खरंच काय कळणा नाय. माझी वेळ गेली का? आणि दिवस राहिलेच तर मी आणि बाळ धड राहू का?

उत्तर

सगळ्यात आधी ती जत्रेची रांग. पत्रात ती तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण ती ओळ तुला झोपू देत नसणार हे मला कळतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यातल्या निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा आकडाच चुकलेला असतो. बाईची सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. तुझं बीजही तुझ्याइतकंच, ४२ वर्षांचं आहे. बीज पिकताना गुणसूत्रांची निम्मी-निम्मी वाटणी व्हायची असते. वय वाढलं की ही वाटणी चुकायला लागते, एखादं गुणसूत्र जास्तीचं राहतं, एखादं कमी पडतं. असा गर्भ काही आठवडे वाढतो आणि थांबतो. हे गर्भ राहिला त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं.

तुझ्या फाइलमधला त्या दिवशीचा सोनोग्राफीचा कागद काढ. त्यावर ‘सीआरएल’ म्हणून बाळाच्या लांबीचा मिलिमीटरमधला एक आकडा असेल आणि त्याच्यासमोर आठवडे आणि दिवस छापलेले असतील. पाळीच्या हिशेबाने नववा आठवडा, पण सीआरएलसमोर सात किंवा त्याच्या आतबाहेर दिसलं, तर बाळाची वाढ तू जत्रेला निघण्याआधीच थांबली होती. बहुतेक वेळा असंच निघतं. आणि समजा आकडा जुळला, तरी रांगेत उभं राहिल्याने, कळशी उचलल्याने किंवा एसटीच्या धक्क्यांनी नऊ आठवड्यांचा निरोगी गर्भ पडत नाही. हे मी तुझी समजूत काढण्यासाठी लिहीत नाही, वस्तुस्थिती अशीच आहे.

‘वर्षभर थांब’ हा सल्ला मात्र मला सलला. गुंतागुंत न होता क्युरेटिंग झालं असेल, तर एक पाळी नीट येऊन गेली की पुन्हा प्रयत्न करायला हरकत नसते. मन तयार नसेल तर थांबावं, ते वेगळं. पण २५व्या वर्षी थांबलेलं वर्ष आणि ४२व्या वर्षी थांबलेलं वर्ष यांत फार अंतर आहे. झालं ते झालं, आता महिने जपून वापरायचे.

तुझी वेळ गेली का, असं तू विचारलंस. गेलेली नाही, पण थोडी उरली आहे आणि ते आकड्यांतच सांगितलेलं बरं. चाळिशीत दर महिन्याला आपोआप दिवस राहण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास असते आणि पुढे ती घटतच जाते. राहिलेल्या गर्भांपैकी ४२व्या वर्षी जवळपास निम्मे पहिल्या काही महिन्यांत पडतात. आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, आणि मूल होण्याची ताकद त्याच्या बरीच वर्षं आधी संपत आलेली असते. हे वाचून घाबरशील. पण या चित्रात तुझ्या बाजूचीही गोष्ट आहे. गेल्याच हिवाळ्यात तुला आपोआप दिवस राहिले होते. म्हणजे निदान तेव्हा एक तरी नळी मोकळी होती, बीज सुटत होतं आणि मिस्टरांचे शुक्रजंतू तिथवर पोचले होते. ज्यांना कधीच दिवस राहिलेले नाहीत त्यांच्यापेक्षा तू पुढे आहेस.

एएमएचच्या ०.६ वर तुझं मन अडकलंय असं दिसतं. टोपलीत मासळी किती उरली ते या तपासणीत कळतं, ताजी किती आहे ते कळत नाही. बीजांचा साठा कमी झालाय एवढाच त्याचा अर्थ. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी एका वेळी किती बीजं हाती लागतील याचा अंदाज बांधायला तो आकडा उपयोगी पडतो. पण पाळी नियमित असताना आपोआप दिवस राहतील की नाही, हे एएमएच सांगू शकत नाही. तो कमी आहे म्हणून दुसऱ्या दिवशी आयव्हीएफचं पॅकेज हातात ठेवणं मला पटत नाही. मात्र चाळिशीनंतर ‘वर्षभर बघू या, मग तपासू’ हेही चुकीचं. या वयात तपासण्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करायच्या असतात.

आता खरी अडचण. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे ‘महिन्यातून एकदा, कधी दोनदा गावी येतात’. कोकणातल्या किती घरांची ही गोष्ट आहे! चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, आणि मूल होत नाही म्हणून बायको तपासण्या करत फिरते. तुझे मिस्टर शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसतात, शनिवारी सकाळी कुडाळला उतरतात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जातात, असं धरून चालू. हाती आले दोन दिवस. बाईचं बीज सुटल्यावर १२ ते २४ तासच जगतं. शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून दिवस राहण्याजोगा काळ महिन्यात साधारण सहा दिवसांचा असतो, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो स्वतः एक. त्यातही शेवटचे दोन-तीन सगळ्यात चांगले. हे सहा दिवस आणि कंपनीची सुट्टी यांची गाठ पडेलच असं नाही. चार वर्षांच्या लग्नात तुमच्या वाट्याला असे जुळलेले महिने किती आले असतील, ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर तूच मोजून बघ.

त्यात आणखी एक मेख आहे. ‘चौदावा दिवस’ सगळ्यांना पाठ असतो, पण तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. चाळिशीत पाळी आखडते, २६ वर येते, २४ वर येते. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण १४ दिवस जातात, म्हणून मोजायचं ते उलटं. पाळी २५ दिवसांची असेल तर बीज अकराव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि चौदाव्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांचा तो महिना वाया जातो. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून काढ. लघवीवर करायची ओव्हुलेशनची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, ती आठव्या-नवव्या दिवसापासून रोज लाव. पट्टीवरची रेघ गडद झाली की पुढच्या दीड दिवसात बीज सुटतं. तेव्हा मिस्टर ठाण्याला असून चालणार नाही. त्यांना सांग की पुढचे सहा महिने सुट्ट्या सणांच्या नव्हे, तुझ्या तारखांच्या हिशेबाने काढायच्या. नाहीतर तू रजा टाकून ठाण्याला जा. खोली लहान आहे, शेजारीपाजारी आहेत, हे मला कळतं. तरी सुद्धा जा. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध आला तरी पुरतं, रोजचा ताण नको.

हे करतानाच मिस्टरांची वीर्यतपासणी. ती अजून झालेली नाही हे वाचून मला राग आला, त्यांचा नाही, तुला एएमएच लिहून देणाऱ्यांचा. ही सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी, आणि मूल न होण्यात पुरुषाकडचं कारण बऱ्याच जोडप्यांत असतं. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, तोही अंगाच्या उबेत ठेवलेला. गावातून बाटली घेऊन एसटीने कणकवलीला जाईपर्यंत तो नमुना बिघडतो आणि रिपोर्ट उगाच खराब येतो. त्यांनी ठाण्यातच, लॅबमध्ये जाऊन द्यावा. तंबाखू, गुटखा असेल तर आजपासून बंद. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा अडीच-तीन महिन्यांनी दिसेल. ते कमीपणा मानतील अशी भीती वाटत असेल, तर हे सदर त्यांच्या हातात दे. जो माणूस बायकोसाठी बाग गहाण टाकायला निघालाय, तो एक तपासणी नाकारणार नाही.

तुझ्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी दोन फेऱ्यांत उरकतील. रक्तदाब, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, थॅलेसेमियासाठी एचपीएलसी, रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे की नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून अंडाशयात किती फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसतात आणि गर्भाशयात फायब्रॉइड किंवा पॉलिपसारखी गाठ आहे का ते बघायचं. क्युरेटिंग झालेलं असल्याने आतलं अस्तर पुन्हा नीट तयार होतंय का, हेही विचार. पाळी पहिल्यापेक्षा फारच कमी जात असेल तर ते आवर्जून सांग. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. आपल्या देशात गर्भाशयाच्या आणि नळ्यांच्या क्षयाने मूल न होण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही, घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आजच सुरू कर, दिवस राहायची वाट बघू नकोस. गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बाळाचा मज्जारज्जू मिटतो, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत त्यातला बराचसा काळ निघून गेलेला असतो.

जावेने दिलेलं औषध बाजूला ठेव. तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि अशा काही औषधांत शिसं, पारा सापडलेला आहे. देवळात कौल लाव, गाऱ्हाणं घाल, त्याने तुला बळ येत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही.

आता बाग.

आयव्हीएफने बीजाचं वय कमी होत नाही. हे वाक्य पॅकेजच्या कागदावर नसतं, म्हणून मी इथे लिहिते. नळ्या बंद असतील, वीर्यात मोठा दोष असेल, तर आयव्हीएफ ती अडचण ओलांडून देतं. पण तुझी मुख्य अडचण बीजाचं वय असेल तर त्यावर त्याच्याकडे उपाय नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक सेंटरचे निकाल सरकारी नियामकाकडे जमा होतात. तिथली २०१९ची नोंद सांगते की स्वतःच्या बीजाने केलेल्या उपचारात, गर्भाशयात सोडलेल्या दर शंभर गर्भांमागे ३५च्या आतल्या बायकांना ३२ वेळा बाळ झालं, ४० ते ४२ वयात ११ वेळा आणि ४३-४४ला पाच वेळा. गर्भ सोडण्यापर्यंत जे पोचलेच नाहीत ते यात धरलेलेही नाहीत. एका फेरीचा खर्च औषधांसकट दीड-दोन लाखांच्या घरात आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि ०.६ एएमएचला एका फेरीत थोडीच बीजं मिळतात. म्हणून बाग गहाण टाकून स्वतःच्या बीजाचं आयव्हीएफ करू नकोस, असं मी स्पष्ट सांगते. साठवलेल्या पैशांतून एक फेरी झेपत असेल, ते पैसे गेले तरी घर हलणार नसेल आणि ‘आपण हेही करून पाहिलं’ याचं समाधान तुला हवं असेल, तर ती जरूर कर. माझा विरोध कर्जाला आहे.

सेंटरमध्ये गेलीस तर त्यांना असं विचार: ‘माझ्या वयाच्या, स्वतःचंच बीज वापरलेल्या किती बायका तुमच्याकडून बाळ घेऊन घरी गेल्या?’ ‘प्रेग्नन्सी रेट’ ऐकून परत येऊ नकोस, त्यात रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह येऊन पुढे पडलेले गर्भही मोजलेले असतात. सेंटरची राष्ट्रीय नोंदणी आहे का ते बघ, २०२१च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्याने ती सक्तीची आहे. आणि एका वेळी एकच गर्भ सोडायला सांग. ‘जुळी झाली तर एका खर्चात दोन’ असं कोणी हसत म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. ४२व्या वर्षी जुळी म्हणजे रक्तदाब, रक्तस्राव आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती या तिन्ही गोष्टींचा धोका वाढवून घेणं.

दात्या स्त्रीचं बीज घेतलं तर चित्र पार बदलतं, कारण यश तिच्या वयावर अवलंबून असतं. कायद्याने दाती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं. उपचार घेणारी बाई ५०च्या आत आणि पुरुष ५५च्या आत हवा, म्हणजे तुम्हा दोघांना कायद्याची अडचण नाही. जन्मलेलं बाळ कायद्याने तुमचंच, सर्व हक्कांसह. ‘आपलं रक्त नाही’ हा विचार पहिल्या दिवशी बहुतेकींना येतो. काहींचा तो काही महिन्यांत मावळतो, काहींचा नाही मावळत, आणि दोन्ही खरं असतं. नऊ महिने ते तुझ्याच पोटात वाढणार, तुझ्याच रक्तावर पोसणार, एवढं मी सांगू शकते. ठरवायचं तुम्ही दोघांनी, सासर-माहेरच्या पंचायतीने नव्हे. आणि यात काही चोरून करण्यासारखं आहे असं मनात आणू नकोस. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ला टेस्ट ट्यूब पद्धतीने बाळ जन्मलं, त्याला किती काळ लोटला. त्या बाळाला पुढे स्वतःचं मूलही झालं.

दिवस राहिलेच तर तू आणि बाळ धड राहाल का? सासूबाईंची भीती पोकळ नाही. चाळिशीनंतर रक्तदाब चढणं, गरोदरपणातला मधुमेह, वार खाली असणं, दिवस भरण्याआधी प्रसूती, सिझेरियन, आणि क्वचित शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच जाणं, हे सगळं तरुण वयापेक्षा जास्त घडतं. पण बीजाच्या वयाला जसा इलाज नाही, तसं इथे नाही. यातलं बरंचसं वेळेवर पकडता येतं. चाळिशी ओलांडलेली आणि पहिलीच खेप, या दोन कारणांसाठी तुला साधारण बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान मात्रा द्यायची का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचार. रक्तदाब चढून झटके येण्यापर्यंत जाणाऱ्या आजाराचा धोका त्याने कमी होतो. मनाने मात्र गोळी घेऊ नकोस. साखरेसाठी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा त्यापुढे आलं तर आहार आणि औषध लगेच सुरू होतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहरा सुजणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

बाळाबद्दल. डाउन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या ४०व्या वर्षी साधारण शंभर बाळांत एक, ४५व्या वर्षी तीसात एक. तुझ्या वयाला शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना तो नसतो, हे उलट बाजूनेही वाच. हा दोष आहे का याचा अंदाज घ्यायला ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या मुदतीत एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी. ही मुदत चुकवू नकोस. परवडत असेल तर दहाव्या आठवड्यानंतर एनआयपीटी, आईच्या रक्तावरूनच होते आणि जास्त भरवशाची असते. पण तिचाही निकाल अंतिम नव्हे. शंका आली तर १५ आठवड्यांनंतर ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे सुईने गर्भजल काढून तपासणी, करून खात्री करायची. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे अशा तपासण्या करता येत नाहीत असा गैरसमज खेड्यापाड्यांत आहे. त्याच कायद्यात आईचं वय ३५च्या वर असणं हे या तपासणीचं मान्य कारण म्हणून लिहिलेलं आहे. फक्त मुलगा की मुलगी ते कोणी विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. दोष निघाला तर काय करायचं, हे दोघांनी सुई टोचून घेण्याआधी बोलून ठेवा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यानंतर अटी वाढत जातात, आणि २४ आठवड्यांपुढे गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. काहीही झालं तरी हे बाळ ठेवायचं, असं तुमचं ठरलं तर तेही तितकंच योग्य.

आता आपल्या कोकणाचा हिशेब. ऑक्टोबरमध्ये शेवटची पाळी येऊन दिवस राहिले तर तारीख येते जुलैची. ऐन आषाढात, करूळ घाटात दरड, आंबोलीत धुकं, गावचा साकव पाण्याखाली. म्हणून कोणी म्हणेल, दोन-तीन महिने थांबून प्रयत्न करा. थांबू नकोस, तुझ्याकडे ते महिने नाहीत. त्याऐवजी ३६व्या आठवड्यापासून हॉस्पिटलच्या जवळ राहायला जा, नातेवाइकाकडे जा, भाड्याची खोली घे. हॉस्पिटल असं निवड जिथे रक्तपेढी जवळ आहे, भूल देणारे डॉक्टर रात्रीही मिळतात आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, किंवा नातेवाईक असतील तर गोव्याच्या बांबोळीचं मेडिकल कॉलेज, हे सातव्या महिन्याच्या आत ठरलेलं हवं. तिथल्या ओपीडीत एकदा नाव घालून ठेव, ऐन वेळी अनोळखी म्हणून जाऊ नकोस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तिथे तुझी नोंद जोखमीची म्हणून करून घे. १०८ गावात कुठपर्यंत येते, पावसात कुठे अडते, ते आशाताईला विचारून ठेव.

पावसाळ्याचं आणखी एक. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरायचं नाही, तिथून होणारा लेप्टोचा ताप गरोदरपणात फार वाईट वागतो. लेप्टोसाठी गावात वाटतात त्या डॉक्सीच्या गोळ्या गरोदर बाईने घ्यायच्या नसतात. दिवस राहिले असतील किंवा शंका असेल तर तसं सांगून नको म्हण. मासळी सोडू नकोस. बांगडा, तारली, मांदेली उत्तम. मोरी (शार्क) मात्र टाळ, मोठ्या सुरमईचाही रतीब नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बाळंतिणीला मोरी घालण्याची आपली रीत ठाऊक आहे मला, गरोदरपणात तरी नकोच.

मर्यादा आत्ताच ठरवा. तारखा जुळवून सहा महिने, त्याच्याबरोबरीने दोघांच्या तपासण्या. त्यात काही निघालं तर त्याचा इलाज. सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर साठवलेल्या पैशांतून आयव्हीएफची एक फेरी, किंवा दातीचं बीज, किंवा दत्तक. दत्तकाचा विचार शेवटचा म्हणून मागे ढकलू नका, कारण तिथेही वय मोजतात. २०२२च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते. तुमची आजच ८८ आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९०, चार ते आठसाठी १००. नोंदणीनंतर मूल मिळेपर्यंत काही वर्षंही जातात. दोघांचं मन असेल तर कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी आजच करता येते, प्रयत्न चालू ठेवून सुद्धा.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी त्यांच्या काळात घरी झालेल्या बाळंतपणांत बायका गेलेल्या पाहिल्या असतील. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा, तुझा रक्तदाब आणि साखर त्यांच्यासमोर मोजू दे, आणि जे विचारायचं ते त्यांना डॉक्टरांना विचारू दे. मिस्टरांचा रिपोर्ट आणि तुझ्या पाळीच्या सहा तारखा मला कळव. बागेचे कागद तोवर कोणाच्या हातात देऊ नकोस.